जुना लॅपटॉप भंगारात घालायच्या आधी विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकून बघा की!

खानापूरकर: विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हापासून घरोघरी एकच रड: अकरा चढत नाही, नवा घ्यायचा का? विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी हवा. माझा लॅपटॉप २०१३चा, ४ जीबी रॅमचा. हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, घातली, लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. पूर्वी बटण दाबून चहा करून यायचो, आता आधण यायच्या आत स्क्रीन तयार. पोरीचा अभ्यास, यूट्यूब, लिब्रेऑफिस, सगळं त्यावर. पेनड्राइव्हवरून नुसतं चालवूनही बघता येतं. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जिथल्या तिथं.

झेरॉक्सवाला, शहापूर: बोलायला सोपं आहे दादा. माझ्याकडं लग्नपत्रिका श्रीलिपीत, कन्नड अर्ज नुडीत, हिशेब टॅलीत. तिन्ही सॉफ्टवेअरं विंडोजची. आणि निम्मा वेग त्या एसएसडीचाच. तीच विंडोजवर घातली असती तरी मशीन पळालं असतं.

खानापूरकर: एसएसडीचं कबूल. पण पळालं असतं ते सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबलेलं विंडोज. दुकानाचं मी म्हणतच नाही, घरचं म्हणतोय.

निपाणीच्या बाई: शाळेत मला मराठी-कन्नड दोन्ही टाइप करावं लागतं. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत मराठीचा क जिथं, कन्नडचा क पण तिथंच. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा जमतात. मिंटमध्ये दोन्ही कीबोर्ड मिळाले.

झेरॉक्सवाला, शहापूर: इन्स्क्रिप्ट विंडोजमध्येही आहे बाई, फुकट. माझ्या जुन्या फाइलींचं बोला. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, नाहीत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की नवऱ्यामुलाचं नाव कंस आणि स्वल्पविराम!

टिळकवाडी: माझं दुखणं वेगळं. भाच्यानं वडिलांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि गेला बेंगळुरूला. आठवड्यात वायफाय बंद. बेळगावच्या खडेबाजारात चार दुकानं फिरलो. सगळीकडं एकच, "सर, विंडोज मारून देऊ?"

खानापूरकर: मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेथरिंग चालू करा. नेट आलं की ड्रायव्हर मॅनेजर उघडा. वायफायची चिप ब्रॉडकॉम कंपनीची असेल तर तिथं तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, दिसेल.

टिळकवाडी: वडील ७२ वर्षांचे. टेथरिंग म्हणजे काय, हे तुम्हीच सांगा त्यांना.

खानापूरकर: रविवारी बेळगावात येतोय. चहा पाजा, करून देतो.

झेरॉक्सवाला, शहापूर: आणि त्याच्या पुढच्या रविवारी?