अनुभव धागा: घरची गुळदाण्याची चिक्की. पाक झाला हे तुमच्याकडे कोण ठरवतं?

संक्रांत तोंडावर आली. मंडईत गाजरं, हरभरा, बोरं दिसायला लागली आणि घराघरांत गुळाच्या ढेपा फुटायला लागल्या. कृती या धाग्यात नको, ती प्रत्येकाला येते. आपापल्या घरात चिक्की नेमकी कुठे अडते आणि कशी सुटते ते लिहा. गूळ कुठला, दाणे कुठले, ओट्यावर लाटता की ताटात थापता, हेही येऊ द्या.

सुरुवात मी करते. वाटीभर भाजलेले दाणे, पाऊण वाटी चिरलेला गूळ, चमचाभर तूप. पाण्याचा थेंब नाही, कारण घातलेलं पाणी शेवटी आटवायचंच असतं. जाड बुडाची कढई, मंद आच. गूळ विरघळेपर्यंत ढवळायचं, मग फेस येतो, रंग गडद होतो आणि कढईतला आवाजही बदलतो. तिथून पुढे आमच्याकडे सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहतात. तुमच्याकडे?

कसबा पेठेतून

आमच्याकडे वाटीभर गार पाणी ठरवतं. थेंब टाकला आणि पाण्यात पसरला, तर पाक कच्चा. बोटांत धरून मऊ गोळी झाली, तर तो लाडवाचा पाक, चिक्कीचा नव्हे. गोळी कडक झाली पण चावल्यावर दाताला चिकटली, तरी थांबायचं. बहुतेकांची चिक्की इथेच बिघडते, कारण गोळी कडक लागली की झालं असं वाटतं. चिक्कीचा थेंब बोटांत कट्‌कन मोडला पाहिजे. आणि वाटी स्टीलचीच घ्या. घट्ट झालेला थेंब उचलून वाटीत टाकला की टण्ण वाजतो.

महत्त्वाचं म्हणजे थेंब तपासताना गॅस बंद करायचा. आपण बोटं चाटत उभे राहतो आणि तेवढ्यात कढईतला पाक पुढे जाऊन कडू होतो. कच्चा असेल तर परत तापवता येतो. कडू झालेल्याला इलाज नाही.

मार्केट यार्डातून (भुसार विभाग, दुकान वडिलांचं)

गिऱ्हाईक नुसतं ‘गूळ द्या’ म्हणतं, तेव्हा आम्ही विचारतो, पोळीला की चिक्कीला? पोळीला कणीदार गूळ चांगला, हाताने भुगा होतो. चिक्कीचा गूळ चिवट असतो, सुरीला चिकटतो. तो न मिळाल्यास साध्या गुळाचीही चिक्की होते, फक्त पाक थोडा पुढे न्यावा लागतो आणि हात चटचट चालवावा लागतो. फार पिवळाधमक गूळ बघून भुलू नका. तो रंग पुष्कळदा हायड्रोस पावडरीचा (गूळ उजळ दिसावा म्हणून घालतात ते रसायन) असतो. गूळ जिभेवर ठेवून बघा, खारट लागला तर चिक्कीही खारट होणार.

दाण्यांत जाडा, स्पॅनिश, घुंगरू असे प्रकार येतात. जाडा दिसायला रुबाबदार, पण वडी कापताना तोच आडवा येतो. मी घरी घुंगरू नेतो. दाणा बारीक, वडीत नीट बसतो. खवट दाणा भाजल्यावरही खवटच राहतो, म्हणून घेताना दोन दाणे तोंडात टाका. दुकानदार काही म्हणत नाही. म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

बाणेरहून

कसब्याच्या काकूंची वाटी मान्य, पण मला आकडा लागतो. साखरेचा पाक १४६ ते १५४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान गेला की गार झाल्यावर काचेसारखा तुटतो, कारण तोवर पाणी जेमतेम एक टक्का उरलेलं असतं. गुळात साखरेबरोबर इतर घटकही असतात, ते लवकर करपतात. म्हणून मी १४५ च्या आसपासच गॅस बंद करतो, कढईची उरलेली धग पुढचं काम करते.

थर्मामीटर घेणाऱ्यांसाठी: आधी तो उकळत्या पाण्यात धरून बघा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. तिथे काटा १०० दाखवत असेल, तर तुमचा थर्मामीटर दोन अंश जास्त सांगतोय.

कसबा पेठेतून

घ्या थर्मामीटर. आमची वाटी मात्र बॅटरीवर चालत नाही.

कोथरूडहून

पाकावर सगळे बोलतायत, दाणे भाजण्यावर कुणीच नाही. आमच्याकडे दाण्यांचं खातं सासऱ्यांचं. लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे, साल तडकून डाग पडेपर्यंत. घाई केली की बाहेरून काळे, आतून कच्चे. मग गच्चीत जुन्या पंचात गुंडाळून चोळायचे, सुपात पाखडायचे. वाऱ्याकडे पाठ करून पाखडा, नाहीतर सालं शेजाऱ्यांच्या वाळवणावर. यावरून आमच्या सोसायटीत नोटीस लागलेली आहे, खोटं नाही सांगत.

दाण्यांची नाकं काढायची की नाही यावर मतभेद आहेत. मी काढत नाही. निम्मे दाणे अख्खे आणि निम्मे दोन फाकांचे ठेवले की वडी पातळ लाटता येते. आणि पाकात टाकताना दाणे कोमट हवेत. गार दाणे पडले की पाक तिथल्या तिथे आवळतो, मग गोळा लाटण्याखाली हलतच नाही.

सिंहगड रोडहून

संक्रांतीतली चिक्की कुणालाही जमते, हवा कोरडी असते. आषाढी एकादशीला करून बघा! आमच्याकडे उपासाला लागते म्हणून भर पावसात होते. सकाळी कुरकुरीत, संध्याकाळपर्यंत चिकट. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून साखरेच्या चिक्कीपेक्षा गुळाची लवकर सादळते. उपाय एकच. वड्या पूर्ण गार झाल्या की लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर. कोमट असताना झाकलं तर आतच वाफ धरते. परातीत मांडून ‘थोड्या वेळाने भरू’ म्हटलं की कारभार आटोपला. पावसाळ्यात पाकही एक पायरी पुढे न्या. फ्रिज नको, बाहेर काढल्यावर वडीला पाणी सुटतं.

औंधहून

चिमूटभर खायचा सोडा घालता का कुणी? गॅस बंद केल्यावर पाकात घातला की फसफसून वर येतो, बारीक बुडबुडे अडकतात आणि वडी खुसखुशीत होते. आईला हे बिलकूल मंजूर नाही, तिला चिक्की दाताने फोडायची असते. दात तिचे आहेत, मी बोलत नाही. चिमूट म्हणजे चिमूटच पण, जास्त झाला तर साबणाची चव येते.

दौंड तालुक्यातून, सध्या हडपसर

आमच्या भागात गुऱ्हाळं बरीच. लहानपणी घरून खिशात भाजलेले दाणे घेऊन जायचो. काहिलीत रस उकळताना रानभेंडीचं पाणी घालतात, त्याने मळी वर येते, ती काढून टाकतात. रस आटत आटत गूळ व्हायला आला की ओळखीचा गुळव्या उलथन्यावर थोडा काढून द्यायचा. त्यात दाणे दाबायचे आणि फुंकर मारत खायचं. ती चिक्की नव्हे, मऊच असते, पण दाणे आणि गूळ एवढंच जिथे आहे तिथे ते ताजे असण्यालाच सगळी किंमत. घरी चिक्की करताना मी अजून गावाकडचाच गूळ आणतो. रंगाने काळपट, पाहुण्यांपुढे जरा ओशाळवाणा, चवीला मात्र खमंग.

निगडीहून

प्रश्न: लोणावळ्याची चिक्की इतकी पातळ आणि एकसारखी कशी? आमची भाकरीएवढी जाड होते.

कोथरूडहून

निगडीकर, एक म्हणजे वेग. पाक आणि दाणे एकत्र झाल्यावर लाटायला जेमतेम एक-दोन मिनिटं मिळतात. लाटणं आणि ओटा आधीच तुपाचा हात लावून तयार ठेवा, मग गॅस पेटवा. गोळा दोन तुपट बटर पेपरांमध्ये धरून जोरात लाटा, कापायच्या रेघा गरम असतानाच पाडा, तुकडे गार झाल्यावर करा. पिझ्झा कटर असेल तर या कामाला झकास. आणि बाजारच्या पुष्कळ पाकिटांवर लिक्विड ग्लुकोज लिहिलेलं असतं, वाचून बघा. त्याने पाकाची साखर होत नाही, काम सोपं जातं. घरी त्याची गरज नाही.

बिबवेवाडीहून

मुलांना लाटायला द्या, पण पाक ओतताना ओट्याजवळ उभं करू नका. उकळतं पाणी निदान ओघळून जातं, पाक कातडीला चिकटून बसतो. सांडलाच तर बराच वेळ गार नळाखाली हात धरा, ओरबाडून काढू नका, आणि भाजणं मोठं असेल तर डॉक्टर.

धागाकर्ती

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. कसब्याची वाटी त्यांना पसंत, सोडा नापसंत, थर्मामीटरबद्दल ‘किती रुपयांना?’ एवढंच विचारलं. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही असं त्यांचं म्हणणं आहे: कढई. घट्ट झालेला पाक तारेच्या घासणीने खरवडत बसू नका. कढईत पेलाभर पाणी घालून उकळा, सगळा गूळ आपोआप सुटतो. आणि पाक करपला नसेल तर ते पाणी मोरीत ओतायचं नाही. संध्याकाळच्या आमटीत गूळ पडणारच असतो, त्याऐवजी ते घालायचं.