चाहत्यांनी रचलेले मर्यादित लेगो संच: उघडावेत की जपावेत?

ठोकळेवेडा: ब्रिकलिंक डिझायनर प्रोग्रॅममधील (लेगोच्या ब्रिकलिंक या ऑनलाइन बाजारपेठेचा, चाहत्यांच्या रचना विकणारा उपक्रम) किल्ल्याचा एक संच जर्मनीतील मावसभावाने माझ्यासाठी आणला असून तो अद्याप सीलबंद आहे. लेगो आयडियाजच्या, म्हणजे चाहत्यांनी सुचवलेल्या कल्पनांवरून लेगो कंपनी काढते त्या संचांहून हे संच नेमके वेगळे कसे, आणि ते न उघडता ठेवावेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गच्चीवरचा: आयडियाजमध्ये एखाद्या कल्पनेला १०,००० जणांचा पाठिंबा मिळाला की ती परीक्षणाला जाते आणि निवड झालीच तर कंपनीचे रचनाकार तिच्यावर बराच हात फिरवतात. ब्रिकलिंकच्या उपक्रमात मात्र रचना बहुतांशी चाहत्याचीच राहते. किमान ३,००० आगाऊ मागण्या आल्या तरच उत्पादन होते आणि जास्तीत जास्त किती संच काढायचे यालाही मर्यादा असते. २०२१च्या फेरीत तर आयडियाजने नाकारलेल्या रचनांनाच दुसरी संधी मिळाली होती. यात नवे साचे काढत नाहीत, त्यामुळे दुर्मीळ असते ते खोके, आतले ठोकळे नव्हेत.

रत्नागिरीकर: मी एक संच गुंतवणूक म्हणून कपाटाच्या माथ्यावर ठेवला होता. दोन पावसाळ्यांत पुठ्ठ्याचे कोपरे फुगले, सील सुटले आणि झाकणावर बुरशीचे करडे ठिपके उमटले. ठोकळे मात्र जसेच्या तसे निघाले. आपण किनाऱ्याजवळ राहत असाल तर खुशाल उघडा, फक्त रचलेला किल्ला उन्हात ठेवू नका, कारण पांढरे तुकडे पिवळे पडतात.

ठोकळेवेडा: आभारी आहे. मी अलिबागचा, त्यामुळे रविवारीच उघडतो.