शब्दचर्चा: मंदायक म्हणजे ब्रेक का?

नेरुळकर: पुतणीच्या क्लासच्या नोट्समध्ये छापलंय, "मंदायक – अणुभट्टीतील साखळी अभिक्रिया मंद करणारा पदार्थ". हे बरोबर आहे का? आणि मंदायक म्हणावं, विमंदक म्हणावं की सरळ मॉडरेटर? आमच्या घरातनं खाडीपलीकडे ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र दिसतं पण विचारायला ओळखीचं कोणी नाही.

घणसोली_काका: अहो उलटं छापलंय. मंद होतो तो न्यूट्रॉन, आणि तो मंद होतो म्हणून तर साखळी चालू राहते. युरेनियम-२३५ फुटलं की न्यूट्रॉन सुटतो सेकंदाला साधारण २०,००० किलोमीटरनी, त्या वेगात तो पुढचं २३५ फोडेल ही शक्यता फारच कमी, त्यात खाणीतल्या युरेनियममध्ये २३५ असतं जेमतेम ०.७ टक्का, बाकी जवळपास सगळं २३८, आणि ते मधल्या वेगाचे न्यूट्रॉन मटकावून बसतं. म्हणून इंधन नि मंदायक एकत्र कालवत नाहीत. इंधनाच्या कांड्या, मधे मंदायक. न्यूट्रॉन कांडीतनं बाहेर पडतो, बाहेरच आपटत आपटत सेकंदाला २.२ किलोमीटरवर येतो आणि मग पुढच्या कांडीत शिरतो.

कळवेकरीण: मग ब्रेक कोण?

घणसोली_काका: नियंत्रक कांड्या. बोरॉन, कॅडमियम वगैरे. त्या न्यूट्रॉन शोषूनच घेतात, वेग कमी करणं हे त्यांचं काम नाही. आणि गंमत बघा, राजस्थानातल्या पहिल्या अणुभट्ट्या पटकन बंद करायच्या तर जड पाणी, म्हणजे मंदायकच, खालच्या टाकीत सोडून द्यायचे. ब्रेक असता तर काढल्यावर गाडी सुटली असती ना.

कळवेकरीण: पण जडच पाणी का, साधं नाही चालत?

घणसोली_काका: चालतं की. कॅरममध्ये सोंगटी तेवढ्याच वजनाच्या सोंगटीवर बसली की जागीच थांबते, तसं साध्या पाण्यातल्या हायड्रोजनचं. न्यूट्रॉनएवढंच वजन, सरासरी १८ धडकांत काम होतं. ड्युटेरियमला, म्हणजे जड पाण्यातल्या दुप्पट वजनाच्या हायड्रोजनला, २५, ग्रॅफाइटच्या कार्बनला शंभरावर. पण हायड्रोजन न्यूट्रॉन खातोही, ड्युटेरियम जवळजवळ खातच नाही. म्हणून तारापूरच्या पहिल्या दोन, १९६९ च्या, साध्या पाण्यावर आहेत पण त्यांना थोडं समृद्ध केलेलं, म्हणजे २३५ चं प्रमाण वाढवलेलं, युरेनियम लागतं. तिसरी-चौथी जड पाण्याच्या, त्यांना खाणीतलं युरेनियम चालतं.

नेरुळकर: आणि शब्द?

कळवेकरीण: माझं मत मंदायक. मंदन आपण गतीच्या धड्यात शिकलेलोच असतो. विमंदकमधला 'वि' उगाच वाटतो, म्हणजे मंद करतो की मंदपणा काढतो?

घणसोली_काका: मलाही मंदायक चालेल, फक्त पहिल्यांदा लिहिताना न्यूट्रॉन-मंदायक लिहा. कामावर मात्र सगळे मॉडरेटरच म्हणतात. पुतणीला सांगा, "वेगवान न्यूट्रॉन न शोषता त्यांचा वेग कमी करणारा पदार्थ" असं लिही, 'न शोषता' विसरू नको. आणि कल्पाक्कमच्या फास्ट ब्रीडरमध्ये मंदायक नसतोच, तिथे वेगवान न्यूट्रॉनच हवे असतात म्हणून उष्णता वाहून न्यायला पाण्याऐवजी सोडियम फिरवतात, हे पण वाच म्हणावं.