मूल विचारतंय, घरचे म्हणतात सांगू नका. बुधवारी काय बोलू?

देवगडची सिस्टर:
ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नऊ वर्षांचा मुलगा, रक्ताचा कॅन्सर उलटलाय. मुंबईच्या डॉक्टरांनी "आता केमोचा उपयोग नाही, दुखणार नाही एवढं बघू" म्हणून घरी पाठवलं. आईवडिलांना कल्पना आहे, पण आजीची सक्त ताकीद, पोराच्या कानावर काही जाता नये. परवा ताप बघताना तो मला म्हणाला, "सिस्टर, माका आता परत मुंबयक नेवचे नाय मां?" आई पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. तेवढ्यात शेजारी आले म्हणून सुटले. बुधवारी परत जायचंय.

वेंगुर्ल्याची मावशी (निवृत्त, मुलांचा कॅन्सर वॉर्ड):
अगो, मुंबई म्हणजे त्याच्या लेखी पाठीतलं इंजेक्शन! कदाचित "सुटलो ना?" एवढंच विचारत असेल. म्हणून आधी "तुला काय वाटतं रे?" म्हण आणि गप्प बस. ते गप्प बसणंच कठीण. तो जेवढं विचारेल तेवढ्याचंच उत्तर दे. "बरा होशील" मात्र म्हणू नको. "हा आजार घालवायचं औषध आता नाही, दुखणं थांबवायचं आहे, ते मी बघते" एवढं म्हणता येतं.

नवव्या वर्षी मरण कायमचं असतं हे बहुतेक मुलांना कळतं. आणि विचारलं नाही तरी सांग, "तुझ्यामुळे झालं नाही." खाडीत डुंबलो म्हणून, देवापुढचा पेढा उष्टावला म्हणून, असलं काय काय मुलं मनात धरून बसतात.

पण त्याच्याआधी आई आणि आजीला पडवीत घेऊन बस. "सांगा त्याला" म्हणू नको, "कसली भीती वाटते?" विचार. "हाय खाईल" म्हणतील. तुझ्या धीरासाठी सांगते, स्वीडनमधल्या पालकांचा अभ्यास २००४ साली छापून आला. मुलाशी मरणाबद्दल बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही पस्तावा नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना होता. आजीपुढे हे आकडे काढू नको हां, चहा मिळायचा नाही.

राजापूरकर:
मावशी, गणपती तोंडावर आलेत. ज्या घरात रोज गाऱ्हाणं घालतायत तिथे हे बोलायचं? आजीचं काय चुकलं?

वेंगुर्ल्याची मावशी:
गाऱ्हाणं घालू दे, नवस बोलू दे. आशा सोडा असं मी कुणाला म्हटलेलं नाही. पण उद्या मॉर्फिन पाजताना "याने दुखायचं थांबेल" म्हटलं तर पोराचा विश्वास नको बसायला? घरच्यांना मॉर्फिन म्हणजे शेवटच वाटतो, तेही बोलून घ्यावं लागतं. आणि सिस्टर, जोडीला पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. पोट धरलं की घरचे मॉर्फिनच बंद करतात.

देवगडची सिस्टर:
आईशी फोनवर बोलले, आजीला ती स्वतः सांगते म्हणाली. धाकटी बहीण आहे, सहा वर्षांची. तिचं काय?

वेंगुर्ल्याची मावशी:
तिलाही सांगायचं, पण पुढे कधीही "दादा झोपला" म्हणायचं नाही. मग पोरं रात्री झोपायला घाबरतात. आणि तिच्या शाळेतल्या बाईंना आईच्या परवानगीने आत्ताच सांगून ठेव, नाहीतर मधल्या सुट्टीत कुणीतरी तिला भलतंच सांगेल.