कारखान्याची वेबसाइट गुगलवर दिसंना, एसईओवाल्याला पैसे द्यावेत का?

टॉवेलवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादर-टॉवेलचा छोटा कारखाना आहे, वडलांपासूनचा. पुतण्यानं दिवाळीत वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) वेबसाइट करून दिली, दिसायला एकदम झकास, पण गुगलला सोलापुरी चादर टाकलं की दुनियेचे लोक येतात आणि आम्ही कुठंच नाही, अगदी कारखान्याचं नाव टाकलं तरी नाही. आता एकजण मागं लागलाय, महिना ८ हजार द्या, तीन महिन्यात पहिला नंबर, गॅरंटी. म्हणतोय मेटा कीवर्डमधे (पानाच्या कोडमधे लपलेली शब्दांची यादी) २०० शब्द भरतो आणि हजार बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटांवरनं आमच्याकडं येणाऱ्या लिंका, टाकतो. खरंय का हे? एसईओ म्हणजे गुगलवर साइट वर आणायचं काम एवढं माहितेय, पण त्यात नेमकं काय करतात तेच कळंना.

कडक_भाकरी
थांबा, पैसे देऊ नका. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणालाच देता येत नाही, हे गुगलनंच त्यांच्या मदतीच्या पानांवर लिहून ठेवलंय. आणि मेटा कीवर्ड रँकिंगसाठी बघत नाही असं गुगलनं २००९ सालीच जाहीर केलंय, म्हणजे हा गडी अजून तिथंच अडकलाय 😄 विकतच्या लिंकांचं तर विचारूच नका, २०१२ ला गुगलचा पेंग्विन नावाचा अपडेट आला तो असल्याच उद्योगांना आळा घालायला.

पण तुमची गोष्ट वेगळी वाटायलीय. कारखान्याच्या नावानं पण येत नाही म्हणजे नंबर मागं आहे असं नाही, गुगलच्या वहीत तुमची नोंदच नसणार. गुगलचा बॉट लिंक धरून पानं वाचत फिरतो, वाचलेलं साठवतो त्याला इंडेक्स म्हणतात, आणि नंबर लागतो तो त्या इंडेक्समधल्यांचाच. इंग्रजीत साइट लिहा, कोलन द्या, जागा न सोडता वेबसाइटचा पत्ता लिहा आणि सर्च करा. काहीच आलं नाही तर वर्डप्रेसच्या सेटिंगमधे रीडिंग उघडा, तिथं सर्च इंजिनांना इंडेक्स करू नका म्हणून सांगणारी एक टिक असते ती बघा. मग सर्च कन्सोलला, म्हणजे साइटवाल्यांसाठीच्या गुगलच्या साधनाला, साइट जोडा, फुकट आहे, आणि साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) तिथं द्या.

सात_रस्ता
भाकरीभाऊंशी सहमत. अजून एक, माल फोटोत दाखवता का? आमच्या एका पाव्हण्याच्या साइटवर भाव, माप, रंग सगळं फोटोवरच छापलेलं होतं, व्हॉट्सॅपवर पाठवायच्या कॅटलॉगसारखं, पानावर टाइप केलेलं अक्षर एक नाही आणि टायटल काय तर होम. गुगलला वाचायला काहीतरी द्या की! प्रत्येक मालाला वेगळं पान करा, टायटलमधे सरळ "डबल बेडची सोलापुरी चादर, कॉटन" असं लिहा, फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, द्या. आणि शब्द गिऱ्हाइकाचे घ्या, तुमचे नकोत. आपण जीएसएम (कापडाचं वजन) आणि काउंट (सुताची जाडी) बोलतो, घरातली बाई विचारती रंग जातो का, मशीनला चालती का, थंडीला पुरंल का. फोनवर जे प्रश्न येतात त्यांचीच उत्तरं पानावर टाका, त्यातच अर्धा एसईओ आला. लोक इंग्रजी अक्षरात पण सर्च करतात, तेव्हा नावं दोन्हीकडनं येऊ द्या, पण एकच शब्द पन्नासदा कोंबू नका, वाचणारा पळून जातो आणि गुगल त्याला स्पॅमच धरतं.

गड्डा_यात्रा
चादर घ्यायला गाडी घेऊन येणारे मॅपवर बघतात राव. गुगल बिझनेस प्रोफाइल काढा आधी, ते पण फुकट. वेळ, फोन, पत्ता वेबसाइटवर आहे तोच ठेवा.

टॉवेलवाला_सोलापूर
अरे बाबांनो, ती टिक लावलेलीच होती! पुतण्या म्हणतो काम चालू असताना लावली, काढायची राहिली. दिवाळीपासून आम्हीच दार लावून बसलोय आणि गिऱ्हाईक का येत नाही म्हणून गुगलला शिव्या घालायलोय. काढली आता, साइटमॅप पण दिला. किती दिवस लागतील? आणि घाऊकवाल्यांसाठी वेगळं पान करू का?

कडक_भाकरी
इंडेक्सला काही दिवस, कधी काही आठवडे. कारखान्याच्या नावानं आधी दिसाल, "सोलापुरी चादर"ला महिने जातील, तिथं गर्दी लई आहे. घाऊकचं पान नक्की करा, हॉटेलला टॉवेल लागतात ते लोक वेगळंच टाइप करतात, आणि कमीत कमी ऑर्डर किती ते पहिल्याच ओळीत लिहा. त्या ८ हजारवाल्याला अजून हो म्हणला नाही ना?

टॉवेलवाला_सोलापूर
नाही ओ. त्याचा फोन येऊन गेला आत्ताच, त्याला विचारलं ती टिक कुठं असती सांग, तर म्हणतो टीमला विचारून सांगतो 😂