चौथ्यांदा आत ठेवायचं का? माझं मत: नाही

छाटणीवाला (तासगाव)

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तीन वेळा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलाय. पहिल्यांदा 2019 ला. रात्री दोनला गाडी आली, चौघं उतरले, दादाला झोपेतून उठवून नेलं. गेट मी उघडून दिलं होतं. नव्वद दिवसांनी आला तेव्हा वजन वाढलेलं, चेहऱ्यावर तुकतुकी. आईनं दृष्ट काढली. चार महिने टिकला. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी झाली आणि काड्यांना पेस्ट लावायच्या दिवशी मजुरांबरोबर प्यायला बसला. दुसऱ्यांदा 2021 ला, वेगळं केंद्र, चाळीस दिवस टिकला. तिसऱ्यांदा 2023 ला, परत पहिलंच केंद्र. नऊ दिवस.

महिन्याला दहा-बारा हजार, न्यायच्या गाडीचे वेगळे. आता मामा आणि बहीण म्हणतात परत ठेवू. मी अडून बसलोय.

माझं म्हणणं सरळ आहे. आत दारू नाही, कर्ज नाही, औषध दुकानदाराची उधारी नाही, बायकोचं तोंड नाही. तिथं न पिण्यात काय मोठेपणा? कोरड्या विहिरीत पोहायला शिकल्यासारखं आहे ते. माणसाला राहायचंय बाहेर. तेच पैसे गोळ्यांना, ओपीडीला आणि दारू सोडणाऱ्यांच्या आठवड्याच्या मीटिंगला घातले तर जास्त उपयोग होईल. निवासी उपचार हा घरच्यांनी तीन महिने सुटकेचा श्वास घ्यायचा धंदा झालाय, असं मला आता वाटायला लागलंय. पटत नसेल तर खोडून काढा.

कुपवाडकर

खोडतो. माझा चुलतभाऊ. त्याच्या मनात आल्याशिवाय काही उपयोग नाही म्हणून आम्ही दोन वर्षं वाट बघत बसलो. मनात आलं तेव्हा पोटात पाणी झालेलं. 38 व्या वर्षी गेला. तुम्ही गेट उघडलंत ते बरोबर केलंत. जबरदस्ती तर जबरदस्ती. जिवंत माणूस नंतर शिव्या देऊ शकतो तरी.

रात्रपाळी (मिरज)

मी वॉर्डात नर्स आहे, सतरा वर्षं. छाटणीवाला, मला आधी एवढंच सांगा: तिन्ही वेळा मिळून दादांना मानसोपचारतज्ज्ञानं किती वेळा तपासलं? पहिल्या आठवड्यात कोणती औषधं दिली? व्हिटॅमिन बी-वनची इंजेक्शनं दिली का? सुटताना हातात कोणती गोळी आणि पुढची कोणती तारीख दिली?

आणि कुपवाडकर, भावाचं ऐकून वाईट वाटलं, पण रात्री दोनची गाडी कायद्यात कुठंच बसत नाही. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार त्यात येतात. पेशंट स्वतःहून आला तर स्वतःहून जाऊ शकतो. त्याच्या मर्जीशिवाय ठेवायचं तर कलम 89: एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्यातला तज्ज्ञ, दोघांनी वेगवेगळं तपासायचं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, नाहीतर माणूस स्वतःकडे बघण्याच्या अवस्थेतच नाही, असं दोघांचंही मत पडलं पाहिजे. मुदत जास्तीत जास्त 30 दिवस. पुढं ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी. म्हणजे जबरदस्तीला वाट आहे, पण ती डॉक्टरांच्या टेबलावरून जाते. साखळीनं बांधायला, सक्तीनं डोकं भादरायला, बळजबरीनं कामाला लावायला याच कायद्यात मनाई आहे.

छाटणीवाला (तासगाव)

सिस्टर, खरं सांगतो, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. डॉक्टर रविवारी येतात एवढं सांगितलेलं. डोकं भादरलं होतं, ते शिस्तीसाठी असेल असं वाटलं. भांडी आणि गोठा दादाकडं होता. सुटताना एक डायरी आणि भिंतीवरच्या सुविचारांचा छापील कागद दिला. गोळी नाही. तारीख नाही.

रात्रपाळी (मिरज)

मग तीनदा उपचार करून बघितले असं म्हणू नका. तीनदा कोंडून बघितलं.

गावरान

एवढं कशाला? घरातच खोलीत कोंडा चार दिवस. नुसतं पाणी आन् लिंबू. आपोआप उतरतीया. आमच्या आज्याची अशीच सोडवली. नायतर पंढरीची माळ घाला गळ्यात, माळकऱ्याला कोण आग्रह बी करत न्हाई.

रात्रपाळी (मिरज)

कृपा करून असलं इथं लिहू नका, कोणीतरी वाचून करून बघेल. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काहींना भिंतीवर किडे दिसतात, कोण कुठं आहे कळत नाही, ताप चढतो. त्यात माणूस दगावतो. आमच्याकडं अशी खोलीत कोंडलेली माणसं येतात, येताना दातानं जीभ चावलेली असते. हा टप्पा डॉक्टरांच्या गोळ्यांनी पाच-सात दिवसांत सुखरूप पार पडतो. त्यासाठी नव्वद दिवस लागत नाहीत, पण दवाखाना लागतो.

दुसरं, ‘त्याच्या नकळत जेवणात मिसळा’ म्हणून पुड्या विकतात त्याही नकोत. त्यात डिसल्फिराम ही दारू सोडवायची गोळी असेल आणि वर माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब पडतो. ती गोळी चांगली आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल तरच.

माळेला माझा विरोध नाही. माळेनं सुटलेली माणसं मीही बघितलीत. बहुतेक जण फिट यायच्या पायरीपर्यंत गेलेलेच नव्हते.

माणदेशी मास्तर (आटपाडी)

मी धागाकर्त्याच्या बाजूचा. 1977 साली लंडनला एक अभ्यास झाला होता. शंभर विवाहित दारुडे पुरुष. निम्म्यांना पूर्ण उपचार, निम्म्यांना बायकोसमोर बसवून एकदाच नीट सल्ला. वर्षानं बघितलं तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. आणि आपल्या शेजारी गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या लोकांनी समुपदेशन केलं, 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. तीन महिन्यांनी विचारलं, गेल्या 14 दिवसांत अजिबात प्यायला नाहीत असे किती? समुपदेशनवाले 42 टक्के, बाकीचे 18 टक्के. खाट नाही, कुलूप नाही, गाडी नाही. आपल्या पीएचसीत हे का नको?

रात्रपाळी (मिरज)

मास्तर, गोव्याचा अभ्यास मलाही आवडतो. पण त्यात ज्यांचं पिणं त्रासदायक झालंय पण अजून पूर्ण आहारी गेलेले नाहीत असेच पुरुष घेतले होते. आहारी गेलेल्यांना वगळलं होतं. सकाळी उठून हात स्थिर करायला पिणारा दादा त्यात बसतच नाही. तुमच्या लंडनला उत्तर म्हणून 1991 चा अमेरिकेतला एक अभ्यास घ्या, नोकरीवरचे 227 कामगार. काहींना रुग्णालयात भरती, काहींना नुसतं एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला, काहींना त्यांच्या निवडीनं. पुढच्या दोन वर्षांत पुन्हा भरती करावं लागलं ते भरतीवाल्यांतले 23 टक्के, आणि नुसत्या मीटिंगवाल्यांतले 63 टक्के.

माणदेशी मास्तर (आटपाडी)

23 टक्के म्हणजेही जवळजवळ चौघांतला एक. पण मान्य, दादा गोव्याच्या गटातला नाही.

विटेकर

सगळे दारूवरच बोलताय. 2025 च्या जानेवारीत आमच्या शेजारी कार्वे एमआयडीसीत एमडीचा (मेफेड्रोन या ड्रगचा) कारखाना पकडला, त्याआधीच्या वर्षी कुपवाडला साठा सापडला. माझा भाचा 22 चा. बहीण केंद्रात न्यायला घाबरते, पोलिसांना कळेल म्हणून. तुमच्या ओपीडी आणि मीटिंगला तो येईल का?

रात्रपाळी (मिरज)

स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला येणाऱ्याला, प्रकरण फक्त सेवनाचं किंवा अगदी अल्प मालाचं असेल तर, अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याचं कलम 64-अ संरक्षण देतं. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. एमडीला दारूसारखी गोळी नाही, झोप आणि संशय सांभाळावा लागतो आणि बाकी सगळं बोलण्यावर. भाचा आठवडाभर झोपला नसेल किंवा कोणीतरी मागावर आहे म्हणत असेल तर त्याला आत ठेवायच्या बाजूनं मी आहे. 14446 या व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनवर बहिणीला बोलायला सांगा, नाव न सांगता बोलता येतं.

आजचा दिवस (सातारा)

मी मद्यपी. अकरा वर्षं झाली. पाच वेळा भरती झालो, त्यात दोनदा उचलून. त्यामुळं इथं दोन्ही बाजूंना बोलायचा मला हक्क आहे.

छाटणीवाला, कोरड्या विहिरीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून हसू आलं, कारण अगदी खरं आहे. पण जो गटांगळ्या खातोय त्याला आधी बाहेरच काढावं लागतं. पाचव्या वेळी मला काय मिळालं सांगतो. समुपदेशकानं माझ्याकडून एक कागद लिहून घेतला: पगाराच्या दिवशी ऑफिसातून घरी जाताना किती ठिकाणी थांबतो. सात निघाली. मग सात ठिकाणांना सात उत्तरं लिहायला लावली. रस्ता बदलला. दोन वर्षं पगार बायकोच्या खात्यावर. बहिणीच्या लग्नात रात्रीच्या वरातीला गेलो नाही, लोक काय बोलले ते बोलले. हे सगळं आत बसूनच लिहिलं, कारण बाहेर असताना माझं डोकं तासभरसुद्धा कोरडं नसायचं.

सगळी केंद्रं एका मापानं मोजू नका. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून आहे, अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून उभं केलेलं. आमच्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे. तिथं काम करणारे लोक आणि रात्री गाडी पाठवणारे लोक यांना एकच शब्द वापरणं मला तरी जमत नाही.

आणि कुपवाडकर, मला उचलून नेलं त्या दोन्ही वेळा मी आतले सगळे दिवस एकच ठरवत होतो, सुटल्यावर पहिली बाटली कुणाच्या नावानं फोडायची. भावाच्या नावानं फोडली.

कुपवाडकर

पण फोडायला जिवंत होता ना तुम्ही.

आजचा दिवस (सातारा)

होतो. ते नाकारत नाही.

नाव नको (कोरेगाव)

मी बायको आहे. ‘घरच्यांनी सुटकेचा श्वास घ्यायचा धंदा’ हे वाक्य वाचून दोन दिवस लिहू की नको करत होते.

हो, घेतला मी श्वास. नवरा आत होता त्या तीन महिन्यांत मी पहिल्यांदा कडी न लावता झोपले. पोरगं अंथरुणात करायचं ते थांबलं, सातवीत होतं. कुणी साखरेच्या आजाराचं उदाहरण देतं, की हा पण आजारच, परत परत उलटणारच. मान्य. पण साखरेचा पेशंट रात्री ताट फेकून मारत नाही. तुम्ही सगळे तो किती दिवस टिकला ते मोजताय. चार महिने, चाळीस, नऊ. तो आत होता ते नव्वद दिवस घरात काय झालं ते कुणी मोजलंय का?

श्वास घ्यायला मिळाला म्हणून मी त्या वेळात अल्-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जायला लागले, दारुड्यांच्या घरच्यांसाठी असते ती. तिथं कळलं की त्याच्या क्वार्टरचे पैसे मीच देत होते, घरात शांतता राहावी म्हणून. नवरा अजून मधूनमधून पितो. पैसे मात्र मी देत नाही आता.

छाटणीवाला भाऊ, मामांना विचारलंत, बहिणीला विचारलंत, इथं आम्हाला विचारलंत. वहिनीला विचारलंत का?

माणदेशी मास्तर (आटपाडी)

मी आकड्यांचा माणूस, पण या प्रतिसादापुढं माझे आकडे ठेवत नाही.

गावरान

कोंडायचं माघारी घेतो. आज्या मळ्यातल्या खोलीत काय बाय बडबडायचा म्हणं, आई सांगायची. आमाला वाटायचं भूत बघितलं.

छाटणीवाला (तासगाव)

काल रात्री वहिनीला विचारलं. ती भाकरी करत होती. बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “पहिल्या बारीला गेट उघडायच्या आधी मला सांगितलं असतं तर त्यांचा चष्मा तरी दिला असता.” मला सहा वर्षं वाटत होतं ती झोपेत होती. नव्वद दिवस दादा आत चष्म्याशिवाय होता. डायरी कोरी का आली, ते मला आज कळतंय.

ती म्हणते ठेवा, पण डॉक्टर असेल तिथं, आणि महिनाभरच. थोरलीची दहावी आहे. त्या महिन्यात तिला अभ्यास करू दे, मग बघू. दादाशी सकाळी मीच बोललो. येतो म्हणाला. सकाळची टाकल्याशिवाय मात्र घरातून पाय निघणार नाही, असंही म्हणाला.

माझं मत बदललं असं नाही. त्या केंद्रात चौथ्यांदा नाहीच. सोमवारी आधी मिरजेला सिव्हिलला दाखवणार, ते म्हणतील तसं. सिस्टर, सकाळची घेऊन आणलं तर चालेल का?

रात्रपाळी (मिरज)

चालेल. वास आला म्हणून कुणी हाकलणार नाही, आणि हाकललं तर मला इथं सांगा. ओपीडी सकाळची असते, लवकर या. एकदम बंद करून तर अजिबात आणू नका. रोज किती आणि काय पितो, पूर्वी फिट आली होती का, कुठली औषधं चालू आहेत, हे कागदावर लिहून आणा. मोटरसायकलवर मध्ये बसवून आणू नका, वाटेत फिट आली तर तिघंही पडाल. आणि चष्मा.

कुपवाडकर

माझी ओम्नी आहे. सोमवारी सकाळी सातला तासगाव स्टँडला थांबतो. गॅस तुमचा.