दाढीच्या साबणाचा फेस टिकत का नाही?

प्रश्न: वाटीतला साबण आणि ब्रश वापरून दाढी करण्यास मी नुकतीच सुरुवात केली आहे, परंतु फेस मोठ्या बुडबुड्यांचा होतो आणि एक गाल संपेपर्यंत विरून जातो. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. माझे नेमके काय चुकत असावे?

पहिले उत्तर: दोष बहुधा पाण्याचा आहे. बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि फेसासाठी साबण अपुरा पडतो. पाणी उकळल्याने काठिण्याचा काही भागच जातो, म्हणून आरओचे पाणी वापरून पाहावे; एक पेला पुरतो.

दुसरे उत्तर: पाण्याचे म्हणणे योग्यच आहे, तथापि मोठे बुडबुडे हे साबण कमी आणि पाणी जास्त झाल्याचेही लक्षण असते. ब्रश कोमट पाण्यात भिजवून (डुकराच्या केसांचा असल्यास हे अत्यावश्यक) नीट झटकावा, साबणावर किमान अर्धा मिनिट फिरवावा आणि मग थेंबाथेंबाने पाणी घालत, फेस घुसळलेल्या दह्यासारखा दाट व तुकतुकीत होईपर्यंत घोटावा. माझ्या मते येथे घाई करणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते.

प्रश्नकर्ता: आरओचे पाणी घेऊन, ब्रश झटकून पाहिला. आज फेस हनुवटीपर्यंत टिकला. मनःपूर्वक आभार.